रिकामी खोली

वृद्धाश्रमाचं विजेचं बिल कमी करायचं काम तिच्याकडे आलं, तेव्हा तिने सॉफ्टवेअरमध्ये सगळी इमारत खोली न् खोली उभी केली. ज्या खोलीत सेन्सरला हालचाल दिसत नाही ती रिकामी समजायची आणि तिथला हीटर बंद करायचा, इतका साधा उपाय तिला सापडला. बिल धाडकन खाली आलं. ऑफिसात सगळ्यांनी तिची पाठ थोपटली.

एका कडाक्याच्या थंडीतल्या सकाळी तिने स्क्रीन उघडला. त्याच आश्रमात राहणाऱ्या तिच्या आत्याची खोली रिकामी दाखवत होती. आत्याला तर आधाराशिवाय पलंगावरून उतरताही येत नव्हतं.

आश्रमात फोन कोणी उचलेना. ती तशीच धावत सुटली. जिना चढून ती आत्याच्या खोलीपाशी पोचली. तिने दार ढकललं. अंगाभोवती ब्लँकेट लपेटून, डोळे मिटून, आत्या पलंगावरच भिंतीला टेकून पुतळ्यासारखी बसली होती.

"आत्या!"

आत्याने डोळे उघडले. आत्याचे गारठलेले हात चोळता चोळता ती रडायलाच लागली. "अगं, जरा हलायचं तरी! किती घाबरवलंस मला!"

"श्श, आवाज करू नकोस," आत्या कुजबुजली. "पलीकडच्या बाई उठल्या की रोज भिंतीवर टकटक करतात. केव्हाची कान लावून बसलेय. आज काहीच ऐकू येत नाहीये गं."