चौथा प्लॅन

"हाही नको," बायको म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या नवऱ्यानं लॅपटॉपवरून मान वर केली. त्यानं तिला तीन प्लॅन दाखवले होते आणि तिन्ही तिनं असेच परतवून लावले होते. त्याच्या कंपनीनं परदेशी कामगारांचा विमा काढणं बंद केलं होतं. आता ज्यानं त्यानं आपापला काढायचा, तोही आजच्या आज, नाहीतर इथं राहायचा परवाना पुढं वाढणार नव्हता. म्हणून तो रजा टाकून घरी बसला होता.

विम्याची सल्लागार बाई फोनवर होती, स्पीकर चालू होता. ती आपल्याच भाषेत बोलणारी निघाली तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं. पण भाषा कळली म्हणून विमा कळतो असं थोडंच आहे? कुठल्या देशात लागू, कशाला किती टक्के, आधी पैसे आपण भरायचे की त्यांनी, हे ऐकता ऐकता त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी त्यानं कामावरची युक्ती काढली. लिफ्ट कशानं अडते ते सापडत नसलं की एकेक गोष्ट बंद करून बघायची. त्यानं दात बंद करून पाहिले. चष्मा बंद करून पाहिला. मायदेशातले उपचारही बंद करून पाहिले. हप्ता वरखाली होत राहिला, बायकोची मान मात्र आडवीच हलत राहिली.

एक गोष्ट त्यानं सगळ्यांच्या आधी बंद केली होती. बायको शेजारच्या खोलीत असताना त्यानं बाईला हळूच सांगून ठेवलं होतं, "बाळंतपणाचा विषय काढायचाच नाही."

गेल्या वर्षी त्यांचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. तेव्हापासून घरातही त्यानं हाच उद्योग आरंभला होता. बाळासाठी ठरवलेल्या लहान खोलीचं दार ओढून घेतलं. शेजारणीचं तान्हं रडायला लागलं की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा, आणि टीव्हीवर बाळ दिसलं की टीव्हीच बंद करायचा. बायको यावर काही बोलायची नाही. बोलत नाही म्हणजे सावरली असेल, असं त्याला वाटायचं. बोलत नाही म्हणजे आतून खचली असेल, असंही वाटायचं. विचारून टाकावं, तर जखमेवरची खपली निघेल. त्याला तिची फार काळजी वाटायची, आणि त्या काळजीपोटीच तो गप्प राहायचा.

"अगं, यात दातांचा खर्च घालू का?"

"दात धड आहेत माझे."

"मग चष्मा?"

"मला चष्मा कुठंय?"

"मग हवंय तरी काय तुला? महागडा नको म्हणून का?"

"महाग-स्वस्त मी काही म्हटलंय का?"

आता मात्र त्याची मती गुंग झाली. पैशांचं नाही, दातांचं नाही, डोळ्यांचं नाही. बंद करायला आता काही उरलंही नव्हतं.

"साहेब, आमचं ऑफिस बंद व्हायची वेळ झाली," फोनमधून बाई म्हणाली. "शेवटचाच पक्का करू ना?"

तो 'करा' म्हणणार, इतक्यात बायकोनं सुरी खाली ठेवली. ओढणीला हात पुसले आणि फोन आपल्याकडं ओढला.

"मॅडम, काल मी फोन केला होता तुम्हाला. चौथा प्लॅन. तोच काढा."

"लक्षात आहे ताई. पण साहेब म्हणाले होते..." बाई अडखळली.

"काय म्हणाला असेल ते कळलं मला. हा स्वतःहून दाखवतोय का, तेच बघत होते."

"चौथा कुठला?" नवऱ्यानं विचारलं. त्याला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"बाळंतपणाचा," बायको म्हणाली.

वर्षभरात हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारला गेला. तिचा आवाज जराही कापला नाही. नवऱ्यानं मात्र उगाच लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हात त्यावर दाबून धरले.

"ताई, आधीच सांगते," बाई म्हणाली, "त्या खर्चासाठी विमा घेतल्यापासून वर्षभर थांबावं लागतं. त्याआधी काही मिळत नाही. चालेल ना तुम्हाला?"

बायकोनं नवऱ्याच्या हातांवर आपला हात ठेवला.

"चालेल," ती म्हणाली. "माझी तयारी आहे. याची भीती जायला वर्ष लागेलच."