तिघांचा फोटो

कॅमेऱ्याचं शटर टकन् वाजलं, पण फोटो काही बाहेर आला नाही.

"बिघडला का काय गं?" दिवाणाच्या टोकाला बसलेल्या संतोषने विचारलं.

"नाही दादा, याला जरा वेळ लागतो. तू ऊठ आता. आई, तू मात्र तशीच बस. अजिबात हलायचं नाही."

"मी कुठं हलते?" दिवाणाच्या मधोमध बसलेल्या लंकाबाई म्हणाल्या.

संतोष बुचकळ्यात पडला. एवढा लांबरुंद दिवाण असताना बहिणीने आपल्याला एका कडेला का बसवलं, आणि आईच्या पलीकडची जागा मोकळी का ठेवली, हे त्याला कळेना. पण भाऊबीज होती, ओवाळून झालं होतं, आणि धाकटा शेखर ओझरहून निघाल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. आईला परत चांदवडला न्यायचं होतं. "मी खाली गाडीत बसतो," असं म्हणून तो जिना उतरला.

दोघे भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण ऐकाल तर हसाल. संतोषच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत सख्ख्या काकाचं नाव संतोषच्या मेहुण्याच्या खाली छापलं गेलं. चूक छापखान्याची की संतोषच्या बायकोची, देव जाणे. शेखरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि तो मांडवातून न जेवता गेला. तेव्हापासून मधली बहीण हर्षाली नाशिकच्या आपल्या फ्लॅटमध्ये दर भाऊबीजेला दोनदा ओवाळायची आणि दोनदा पंगत मांडायची. दोघांच्या मानपानात मधल्यांचं असंच मरण असतं.

लंकाबाईंचं मागणं एकच होतं. दोन्ही लेकांच्या मध्ये बसलेला आपला एक फोटो. संतोषच्या पोराने मोबाइलवर दोन फोटो जोडून दिले, तर त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "चिकटवलेलं नको मला," म्हणाल्या, "बसलेलं पायजे."

हर्षालीचा कॅमेरा होता मोठा हौशी. फोटो काढला की तिथल्या तिथे कागदावर उमटून बाहेर यायचा. बाकी सगळा कारभार मात्र हाताने. अंतर आपण जुळवायचं, उजेड आपण ठरवायचा, भिंगसुद्धा आपणच काढायचं आणि दुसरं चढवायचं. दिवाण या टोकापासून त्या टोकापर्यंत मावावा म्हणून आज तिने रुंद दिसणारं भिंग चढवून कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर पक्का बसवला होता. दिवाळीत भाच्यांनी हौसेने एकेक करत फिल्म संपवल्या होत्या. उरली होती एकच. भाऊ दोन, फिल्म एक, आणि आई आजच निघणार.

पण त्या कॅमेऱ्याला एक खटका होता. तो सरकवला की फिल्म आतच राहायची, आणि पुन्हा शटर दाबलं की त्याच फिल्मवर दुसरं चित्र बसायचं. हर्षालीने तो कधी वापरून पाहिला नव्हता. दोन वेळचा मिळून उजेड पुरा व्हावा म्हणून तिने पहिल्यांदा निम्माच घेतला होता. आता हे जमेल का, आणि जमलं तर दिसेल कसं?

शेखरचा पत्ता नव्हता. लंकाबाईंनी चहा जागेवरच मागवून घेतला.

"आई, गुडघा धरेल गं. जरा पाय मोकळे कर, मी पुन्हा तसंच बसवते."

"धरू दे. तू तुझं डबडं सांभाळ."

एक हात गुडघ्यावर आणि नजर भिंगावर ठेवून त्या बसून राहिल्या. हर्षालीला हसू आलं आणि मग एकदम रडूच आलं. ती देव पाण्यात घालून दाराकडे बघत राहिली.

शेखर आला. ओवाळून झाल्यावर हर्षालीने त्याला दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं.

"ताई, मी आईला खेटून बसतो की."

"नाही, तिथंच बस."

टकन् आवाज झाला आणि या खेपेला कॅमेऱ्यातून कुरकुरत एक कागद बाहेर आला. नुसता पांढराफटक. हर्षालीने तो टीपॉयवर ठेवला. "यात तर काहीच नाही," म्हणत शेखर वाकला.

तेवढ्यात दार ढकलून संतोष आत आला. फोटो पोटात ठेवून घेणारा कॅमेरा त्याला गाडीत स्वस्थ बसू देईना. "आला का गं फोटो?" त्याने विचारलं आणि शेखरशी नजरानजर होताच तो थबकला. आल्या पावली मागे फिरला असता, पण नेमका तेव्हाच कागद रंग धरू लागला होता. संतोषला राहवेना. तोही वाकला.

आधी भिंत आली. मग लंकाबाईंचं हिरवं लुगडं, कपाळावरचं गोंदण, गालावरची एकेक सुरकुती, सगळं ठसठशीत. मग दोन्ही टोकांना हळूहळू दोघे भाऊ आले. पण कसे, तर धुकट. जमलं, जमलं, म्हणून हर्षालीने टाळी वाजवली.

"दादा, तुझ्या डोक्यातून मागचं कॅलेंडर दिसतंय," शेखर बोलून गेला. दोन वर्षांत त्याने मोठ्या भावाला उद्देशून काढलेला हा पहिला शब्द.

"तुझ्यातून तर अख्खं कपाट दिसतंय," संतोष म्हणाला. मग कागद उचलून त्याने डोळ्यांजवळ नेला. "हर्षे, आई बघ कशी झ्याक आली. आम्हीच दोघं असे भुतावानी का आलो?"

हर्षाली त्याला उजेडाचं गणित सांगणार, तोच लंकाबाईंनी हात पुढे करून फोटो आपल्याकडे घेतला.

"त्यात काय इचारायचं?" त्या म्हणाल्या. "मी पुरा येळ बसले व्हते. तुम्ही दोघं अर्धा-अर्धा येळ बसले."