झणका

तापातून उठल्यापासून श्यामराव ताटातल्या प्रत्येक पदार्थाला "छान झालंय" म्हणत होते. पद्मजाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सदाशिव पेठेत जन्म गेलेला माणूस, आणि मीठ विसरलेल्या आमटीलाही छान? चवच गेली होती हो त्यांची.

शेवटी बाईंनी मोहरी फेसली, तीत हिरव्या मिरच्या, लसूण आणि व्हिनेगर घालून जहाल मस्टर्ड केलं आणि कटलेटवर सढळ हातानं थापलं. पहिल्याच घासाला झणका नाकातून थेट मस्तकात गेला. डोळे पुसत श्यामराव कडाडले, "अगं, हे खायचंय की भिंतीचा रंग खरवडायचाय?"

पद्मजाबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि लेकीला फोन लावला.

"स्पृहा, बाबा बरे झाले गं! आत्ताच मला घालूनपाडून बोलले."