थांबायची मुदत

“अब्बा, मौलवीसाहेब आलेत. वळखलंव काय?” फैजलने विचारलं. खुर्चीतले नूरमहंमद काही म्हणायच्या आत त्याने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मग तिसऱ्यांदा, कानाशी वाकून. मग मौलवीसाहेबांकडे बघून त्याने मान हलवली. “बघा, हे असं हाय.”

आतल्या दारात बतूल मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. पडद्यावर रोहा, निडी, पेण अशी नावं दिलेली वर्तुळं होती आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. खऱ्या केबल जमिनीत पुरण्याआधी संगणकात खोटं नेटवर्क उभं करायचं आणि त्याचे होतील तेवढे हाल करून बघायचे, हे तिचं पेणच्या ऑफिसातलं काम. आज ती घरूनच काम करत होती. कामात लक्ष मात्र नव्हतं.

मुलीच्या निकाहाला बापाने आपल्या तोंडाने रजा, म्हणजे परवानगी, द्यायची, ही रीत. बापाला समज उरली नसेल, तर तो हक्क भावाकडे, म्हणजे फैजलकडे, जातो. मस्कतहून कायमचे घरी आल्यावर अब्बांना मेंदूचा झटका येऊन गेला, तेव्हापासून त्यांची समज गेली असंच घराने धरलं होतं. मौलवीसाहेब आज तेच बघायला आले होते. फैजल काही वाईट नव्हता. चारचौघांत बापाचं हसं होऊ नये, एवढंच त्याला वाटत होतं. पण बतूलला अब्बाच हवे होते. तिच्या सगळ्या लहानपणी ते फोनमधला आवाज होते. या एका दिवशी तरी त्यांनी समोर बसून बोलावं, म्हणून तिचा जीव तुटत होता.

“नूरमहंमदभाई,” मौलवीसाहेब शांतपणे म्हणाले, “बतूलचा निकाह लावायचा आहे. तुमची रजा आहे?”

अब्बांचे ओठ हलले. बतूलच्या आईला, सुगराला, राहवलं नाही. “अवो, रजा इचारतायत. बतूलच्या लग्नाची. आयकताव ना?”

ओठ मिटले. अब्बांनी मान बायकोकडे वळवली. हीच सुगरा मस्कतच्या फोनवर एक वाक्य बोलून गप्प राहायची. आवाज तिकडे पोचायला आणि जबाब इकडे यायला वेळ लागतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आता माणूस हाताच्या अंतरावर बसला होता, तर तिला दम निघत नव्हता.

“चाय नको,” अब्बा म्हणाले.

खोलीत कुणी चहाचं नावही काढलं नव्हतं. फैजलने कपाळाला हात लावला. सुगराने पदर डोळ्यांना लावला. मौलवीसाहेबांनी आपली टोपी नीट केली, उठायच्या आधी करतात तशी.

बतूलची नजर पडद्यावर गेली. सकाळपासून तिचं पेण रोह्याला निरोप पाठवत होतं. मधली रेघ तिनेच मुद्दाम मंद करून ठेवली होती. पेण ठरल्या मुदतीपुरतं थांबे. उत्तर आलं नाही की निरोप हरवला असं समजून तोच पुन्हा पाठवी, आणि पुन्हा. रोह्याच्या दाराशी त्याच त्या निरोपांची रांग लागली होती आणि रोहा बिचारं पहिल्यापासून एकेकाला उत्तर देत बसलं होतं. हरवलेलं काहीच नव्हतं. पेणला थांबायची मुदत कमी दिली होती, आणि ती दिली होती तिनेच.

“अम्मी,” तिने विचारलं, “चाय घेता काय, असं तू अब्बांना कधी इचारलंस?”

“मघाशी गो. हे यायच्या आधी.”

बतूल लॅपटॉप खाली ठेवून उठली. “मौलवीसाहेब, एकदा इचारा. एकदाच. मग कुनी बोलायचं नाय. भाई, तू पन नाय.”

“किती वेळ थांबायचं, बेटी?”

“ते मला पन ठाव नाय.”

मौलवीसाहेब पुन्हा नीट बसले. त्यांनी विचारलं, अगदी त्याच शब्दांत, आणि गप्प राहिले. बाहेर कुंडलिका नदीच्या पुलावर एका ट्रकने हॉर्न दिला. पंखा फिरत राहिला. फैजलचं तोंड उघडलं. बतूलने त्याच्याकडे बघितल्यावर ते मिटलं.

“वळखलं,” अब्बा म्हणाले. “मौलवीसाहेब. न वळखायला काय?”

फैजलने मान खाली घातली. बापाच्या कानाशी ओरडलेलं त्याला आठवलं असावं. शब्द बाहेर पडू नये म्हणून सुगराने तोंडावर हात दाबून धरला.

मग परत सगळं शांत झालं. ही शांतता आधीच्यापेक्षा लांबली. अब्बांचे डोळे खोलीभर हळूहळू फिरले आणि दारात उभ्या असलेल्या लेकीवर येऊन थांबले. मग ते मौलवीसाहेबांकडे वळले.

“तिला इचारलात?” अब्बा म्हणाले.

मौलवीसाहेबांनी नजर खाली केली. मुलगा चांगला, घर चांगलं, तारीख ठरलेली. विचारायचं काय राहिलं होतं, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं. ते दाराकडे वळले. “बेटी, तुझी मर्जी आहे?”

बतूलचा होकार कधीचा तयार होता. तिला मुलगा मनापासून आवडला होता. पण तो लगेच ओठांवर येईना. ती चौकट धरून उभी राहिली, अब्बांकडे बघत.

सुगरा पुढे सरकली आणि तिथेच थांबली. कुणीच दुसऱ्यांदा विचारलं नाही.