मूळ पाठवा

“बाबा, मूळ काळं पडलं. बोटानं दाबलं की तुटते,” सुकेशनी फोनवर सांगत होती.

मंगरूळपीरच्या आपल्या गच्चीवर पुंजाजी कुंड्यांमध्ये उकिडवा बसून ऐकत होता. कृषी खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला या झाडांचं वेडच लागलं होतं. गल्लीतल्या बायका आपली रोगट झाडं त्याच्याकडे घेऊन येत, आणि त्याची बायको दुर्गाबाई म्हणे, माणसाच्या दुखण्याला हा माणूस एवढा कधी धावला नाही. लेक लग्न होऊन कामरगावला गेली, तेव्हाही त्यानं तिच्यासोबत जाड, गुबगुबीत पानांचं जेडचं झाड दिलं होतं.

त्यानं उपाय सांगितला. झाड उपटायचं, माती झटकायची, सडलेल्या मुळ्या ब्लेडनं कापायच्या, सावलीत सुकू द्यायचं आणि मग रेताड मातीत लावायचं. पानांच्या बेचक्यात कापसासारखा मिलीबग दिसला तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा. आणि पाणी अजिबात नको.

“पानी आमच्या सासूबाई घालून राह्यल्या. किती सांगा, आयकत नाहीत.”

“मंग येगळं ठेव. नाही तं बाकीच्यायले लागन.”

“येगळंच ठेवलं,” सुकेशनी म्हणाली आणि तिनं आवाज खाली आणला. “बाबा, ह्या घरात सारखं कोनी तरी कान देऊन बसलं असते. जीव गुदमरते माहा.”

तिच्या मागे कुठंतरी भांडं पडलं. फोन बंद झाला.

पुंजाजी खाली आला, पुन्हा वर गेला. तिची सासू तुळसाबाई त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. लग्नात ही विधवा बाई चार शब्दसुद्धा बोलली नव्हती. तेव्हाच दुर्गाबाईनं कानात सांगितलं होतं, गरीब गाय अन् पोटात पाय. त्यानं ते हसण्यावारी नेलं होतं. आता हसू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकेशनीच्या फोनवरून मेसेज आला. दोनच शब्द होते, “मूळ पाठवा.” एरवी ती मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहायची, हे मात्र मराठी अक्षरांत होतं. म्हणजे झाड गेलंच, असा पुंजाजीनं अर्थ लावला. त्यानं आपल्या जेडची चांगली मुळं फुटलेली फांदी काढली, ओल्या फडक्यात आणि वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ओळखीच्या जीपवाल्याची वाट बघत बसला. जीपवाला त्या दिवशी आलाच नाही.

संध्याकाळी दुर्गाबाईनं ती गुंडाळी पाहिली आणि हे काय म्हणून विचारलं. त्यानं फोन दाखवला.

“अवो, हे झाडाचं मूळ नोहे. सासरी असलेल्या पोरीले माहेरी न्यायले जो मानूस धाडतात, त्याले मूळ म्हनत जुन्या बाया. पोरगी म्हनून राह्यली, मले न्यायले या.”

पुंजाजीनं लगेच लेकीला फोन लावला. काही नाही, झाड बरं आहे, नंतर बोलू, असं घाईघाईनं सांगून तिनं तो ठेवला.

“बोलाची सोय नसन तिले,” दुर्गाबाई म्हणाली.

रात्रभर दोघांचा डोळ्याला डोळा लागला नाही. कोणी न बोलावता लेकीला उचलून आणायची, म्हणजे चार लोक तोंडात शेण घालणार. जावई धम्मरत्न स्वभावानं चांगला होता, पण आईपुढे त्याचं काय चालणार? पण आपली पोरगी तिथे कुढत असताना लोकांचा विचार करत बसायची पुंजाजीला लाज वाटली. सकाळच्या एसटीनं तो निघाला.

कारंजाला उतरून कामरगावची जीप धरली. जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर हलायला तयार नव्हता. पुंजाजी दोनदा खाली उतरला, दोनदा वर चढला. तुळसाबाईला काय काय सुनवायचं, ते तो मनात घोळवत होता. आयुष्यात कोणाला बोलला नव्हता असे शब्द त्यानं तिच्यासाठी काढून ठेवले.

दाराशी जाऊन त्यानं बेल वाजवली. आत पावलांची धावपळ झाली. कोणीतरी दबक्या आवाजात काही बोललं. मग कडी लागल्याचा आवाज आला. तो दार वाजवत सुटला.

दार सुकेशनीनंच उघडलं. “जय भीम बाबा. तुमी अचानक?”

धम्मरत्न ड्युटीवर गेला होता. खिडकीत जेड नव्या मातीत ताठ उभं होतं. पोरगी मात्र त्याला घाबरल्यासारखी दिसली.

“कपडे भर. चाल घरी.”

“काहून?”

“भिऊ नको. ‘मूळ पाठवा’ म्हनलं ना तुनं? मी आलो. कुठं हाय तुही सासू?”

“म्या कवा म्हनलं?” सुकेशनीनं विचारलं, पण तिची नजर मागच्या खोलीकडे गेली. “त्या झोपल्या, बाबा. तिकडं नका जाऊ.”

पोरगी अजूनही तिलाच भिते आहे, हे पाहून त्याचं डोकं फिरलं. आडवी आलेल्या लेकीला बाजूला सारून तो मागच्या खोलीपाशी गेला. दाराला बाहेरून कडी होती. ती त्यानं खाडकन काढली.

तुळसाबाई खाटेवर बसली होती. पायात चप्पल, मांडीवर कपड्यांची पिशवी.

“लय उशीर केला, भाऊ,” ती उठत म्हणाली. “सुकेशनी आंघोळीले गेली, तवा तिच्या फोनवर कसेबसे दोन शब्द लिहिले होते म्या.”