नात्याचा रकाना

चंद्रावरच्या वस्तीत कुणाच्या खोलीत हवा सोडायची, याची यादी संगणक रोज काढायचा; प्रत्येक नावापुढे अडचणीत कळवायचा नातेवाईकही असायचा. एकेका माणसाची वेगळी चौकशी करत पूर्ण यादीला अकरा मिनिटं जात. आज यादीचं काम पाहणाऱ्या शलाकाने रहिवासी आणि नातेवाईक हे दोन तक्ते थेट जोडले, आणि यादी चार सेकंदांत आली.

तेवढ्यात शेवडे सरांचा फोन आला. तिला हे काम त्यांनीच शिकवलं होतं.

"हवा येत नाहीये गं," ते धापा टाकत म्हणाले.

यादीत त्यांचं नावच नव्हतं. सरांना कुणी नातेवाईक नव्हते, म्हणून जोडणीत ते गळले होते. जुन्या पद्धतीला अकरा मिनिटं लागणार होती आणि सरांचा आवाज आताच विरत चालला होता.

तिने नातेवाईकांच्या तक्त्यात सरांपुढे स्वतःचं नाव घातलं आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, मुलगी.

तिने यादी पुन्हा काढली आणि फोनमधून हवेचा फुसकारा ऐकू आला. तिने काय केलं ते सरांना सांगितलं.

"तक्त्यात खोटं भरायचं नाही, असं शिकवलं होतं तुला."

"खोटं कुठे भरलंय, सर?"