खिडकीतलं टेबल

"खिडकीतलं टेबल. समोर समुद्र. माझ्या शब्दावर राखून ठेवलंय," लिव्हिओने छाती फुगवून सांगितलं. "रविवारी दुपारी नापोलीत साबातोच्या खानावळीत जागा मिळवणं म्हणजे खायचं काम नाही. पण मी आहे ना!"

"फोन केलायस ना नक्की?" इनेसने विचारलं.

"म्हणजे काय!"

बोलता बोलताच लिव्हिओला आठवलं. फोन त्याने केलाच नव्हता. आठवडाभर तो उत्तरेकडे आपल्या गावी, जेनोव्हात, ज्याला-त्याला या टेबलाच्या गोष्टी सांगत सुटला होता. त्या नादात टेबल सांगायचंच राहून गेलं.

गेल्या वर्षी व्हेनिसला हेच झालं होतं. चौघांनी भर पावसात पुलावर उभं राहून पाव खाल्ला होता. तेव्हाच ठरलं, की लिव्ह्याने परत घोळ घातला तर पुढच्या सगळ्या सहली इनेस आखणार. इनेसची सहल म्हणजे सकाळी संग्रहालय, दुपारी संग्रहालय आणि जेवायला उकडलेल्या भाज्या. तिच्या नवऱ्याचा, फुल्व्हिओचा, पट्टा त्या सहलींत दोन भोकं आत जायचा.

शिवाय चौथा मित्र ओरेस्ते होता. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्याला वर्षभराने एक ग्लास वाइन मंजूर केली होती. एकच. तो एक ग्लास त्याने आजच्यासाठी राखून ठेवला होता.

लिव्हिओच्या खिशात फोन वाजला. बायको, नीवेस. सकाळपासून तिसऱ्यांदा. लग्नाला तीस वर्षं झाली, तरी ती त्याला गोळी घेतली का, मफलर घेतला का, विचारायची. त्याने फोन बंद करून टाकला.

खानावळीबाहेर ही गर्दी. "तुम्ही इथेच थांबा," लिव्हिओ म्हणाला. "आत माझी ओळख आहे." आत त्याला कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं.

दारातच घामाघूम साबातो त्याच्या अंगावर आदळला.

"टेबलाचं विचारायचं होतं..." लिव्हिओने तोंड उघडलं.

"देवानेच धाडलं तुम्हाला! किती जण?"

"चौघं."

साबातोचा चेहरा पडला. अपशकुन टळावा म्हणून खिशात बाळगलेल्या लाल शिंगाकडे हात आपोआप गेला. "चार नको हो! आत नातीच्या कम्युनियनचं, चर्चमधल्या विधीचं, जेवण आहे. फिलोमेना आत्या रुसून निघून गेली आणि उरले तेरा. आजी म्हणते, तेरा जणांत मी बसणार नाही. मटणाचा रागू गार होतोय! पण तेरात चार मिळवले तर सतरा. अशुभात ते तर तेराचे बाप! म्हातारी मलाच पातेल्यात घालेल."

"मग तिघंच घ्या!" लिव्हिओ म्हणाला. "मी काय, कुठेही बसेन."

साबातोने भर दारात त्याची पापी घेतली.

लिव्हिओ बाहेर आला. "बेत बदललाय. खिडकीत काय, कुणीही बसतं. तुम्हाला खऱ्या नापोलीच्या घरच्या पंगतीत बसवतोय. मी जरा आत स्वयंपाकावर नजर ठेवतो."

"तू?" इनेस म्हणाली. "तुला अंडं उकडता येत नाही."

"चल गं," फुल्व्हिओ म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदाच तो बायकोच्या पुढे चालत होता. त्याला रागूचा वास आला होता.

लिव्हिओ स्वयंपाकघरात मोरीशेजारी टोमॅटोच्या उलट्या क्रेटवर बसला. मांडीवर ताटली. पण जिवात जीव आला होता. ताटं बाहेर द्यायच्या झरोक्यातून त्याला पंगतीतलं सगळं दिसत होतं. ओरेस्तेच्या गळ्यात कुणीतरी नॅपकिन बांधत होतं, फुल्व्हिओ तिसऱ्यांदा वाढून घेत होता, आजी इनेसच्या ताटात जबरदस्तीने डुकराचं मटण घालत होती. आणि समुद्राकडच्या खिडकीत एक टेबल मांडून ठेवलेलं, रिकामंच.

"ते कुणाचं?" त्याने विचारलं.

"उत्तरेकडचं गिऱ्हाईक," साबातो करवादला. "तासभर अडवून ठेवलंय. ना पत्ता, ना फोन."

"माज असतो एकेकाला," लिव्हिओ तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "उठवून टाका की."

"तेच करणार आता."

इतक्यात दारात आरडाओरडा झाला. फिलोमेना आत्या परत आली होती. भूक लागली होती, राग तेवढा तसाच होता. ती धप्पकन खुर्चीत बसली. आजीने माणसं मोजली, काटा खाली टाकला आणि किंकाळी फोडली.

"सतरा!"

साबातोने लिव्हिओला ताटलीसकट उचलूनच आणलं आणि ओरेस्तेशेजारी दाबून बसवलं. अठरा! आजीने छातीवर क्रूसाची खूण केली, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. ओरेस्तेने आपला ग्लास उचलला. त्याचे डोळे भरले होते.

"लिव्ह्या, लेका, मानलं तुला. अशी पंगत मी जन्मात जेवलो नाही."

"व्हेनिस माफ," इनेससुद्धा म्हणाली. "पुढची सहलही तूच ठरव."

लिव्हिओला इतकं हलकं वाटलं, की त्याने पट्टा सैल केला.

ओरेस्तेने ग्लास ओठांना लावला. तेवढ्यात साबातो खिडकीतल्या टेबलापाशी उभा राहिला आणि टेबल दुसऱ्याला देण्याआधी त्याने रीतीप्रमाणे शेवटची हाक दिली:

"जेनोव्हाच्या नीवेसबाईंनी नवऱ्यासाठी फोनवर सांगितलेलं टेबल! चार माणसं! लिव्हिओ कानेपा आहेत का कुणी?"

स्वतःचं नाव ऐकून लिव्हिओ ताडकन उभा राहिला.

पंगतीत सतरा उरले.